बाबांचा घोटा: सांधा जाम करायचा की बदलायचा?

पाखाडी_गुहागर | ३ ऑगस्ट

नमस्कार. जरा लांबलचक लिहिते आहे. कुणी स्वतः यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

बाबा ६४ वर्षांचे आहेत. गुहागर तालुक्यात आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. घर वर, वाडी खाली खाडीच्या अंगाला आणि मधे चिऱ्याची पाखाडी, ४२ पायऱ्यांची. चौदा वर्षांपूर्वी श्रावणात याच पाखाडीवर शेवाळावरून पाय सटकला आणि बाबांचा उजवा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला. प्लेट आणि स्क्रू घालून बसवला. पुढची सात-आठ वर्षं बरी गेली. मग हळूहळू दुखणं सुरू झालं आणि गेल्या दोन वर्षांत ते हाताबाहेर गेलं आहे. सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं भिंत धरून. उतरताना जीव कळवळतो. संध्याकाळी घोटा सुजून सुपाएवढा. रात्री झोपेत कूस बदलली तरी कण्हतात, ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं.

करून झालेले उपाय: गोळ्या भरपूर घेतल्या, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं म्हणून बंद केल्या. घोट्याचा पट्टा लावतात. स्टिरॉइडचं पहिलं इंजेक्शन तीन महिने टिकलं, दुसरं जेमतेम तीन आठवडे. एक्स-रेमध्ये सांध्याची फट दिसतच नाही, हाडावर हाड बसलंय. मधुमेह आहे, तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४. पानाबरोबर तंबाखू आहे, तीस वर्षांची.

दोन हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एकांनी सांगितलं की सांधा जाम करून टाका, स्क्रू घालून दोन हाडं एक करू, दुखणं जाईल. दुसऱ्यांनी सांगितलं की आता घोटाही गुडघ्यासारखा बदलता येतो, तो बदला. दोघंही चांगले वाटले, दोघांनीही वेळ दिला, आणि आम्ही मात्र अधिकच गोंधळून घरी आलो. बाबांचं एकच म्हणणं आहे, "घोटा वळलाच नाही तर मी वाडीत उतरू कसा? त्यापेक्षा दुखू दे."

आई गेल्यापासून ती वाडी हेच त्यांचं सगळं आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी फक्त पायाचा नाही.

सुपारीबाग | ३ ऑगस्ट

ताई, ऑपरेशनची घाई करू नका. आमच्या शेजारच्या काकांनी स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लाझ्माची इंजेक्शनं गुडघ्यात घेतली, त्यांना बराच आराम आहे. घोट्यातही देतात असं ऐकलंय. आधी ते करून बघा.

अस्थिबंध | ४ ऑगस्ट

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे, कोकणातच काम करतो. पाय हातात घेऊन तपासल्याशिवाय तुमच्या बाबांसाठी काय योग्य हे मी सांगणार नाही, पण दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी का सांगितल्या हे समजावू शकतो.

प्लाझ्माबद्दल आधी. नेदरलँड्समध्ये घोट्याच्या संधिवाताच्या १०० रुग्णांवर नीट चाचणी झाली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना प्लाझ्मा दिला, निम्म्यांना नुसतं सलाइनचं पाणी. सहा महिन्यांनी दोघांत फरक नव्हता. गुडघ्याचा अनुभव घोट्याला लावू नये. सांध्याची फट पूर्ण गेलेली असताना तर त्यावर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुडघा आणि घोटा यांच्यात मूळचाच फरक आहे. गुडघा वयानुसार झिजतो. घोटा सहसा असा झिजत नाही. झिजलेल्या दहा घोट्यांतले सात-आठ तरी कधीकाळी मोडलेले किंवा वारंवार मुरगळलेले असतात. घोट्यात नडगीचं हाड आणि बाहेरचं बारीक हाड मिळून एक खोबण करतात आणि तिच्यात टॅलस नावाचं हाड घट्ट बसतं. ही बसणी इतकी नेमकी आहे की टॅलस १ मिलिमीटर जरी बाहेर सरकला तरी सांध्यातला एकमेकांना टेकणारा भाग ४२ टक्क्यांनी कमी होतो. हा १९७६ सालचा प्रयोग आहे आणि आम्हा सगळ्यांना शिकताना तो पाठ असतो. सगळा भार उरलेल्या भागावर येतो आणि तिथली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, दहा-पंधरा वर्षांत संपते. बाबांची चौदा वर्षं या हिशोबात बसतात. तेव्हाच्या डॉक्टरांनी चूक केली असा याचा अर्थ नाही. पडताना कूर्चेलाच जो मार बसतो तो प्लेटने दुरुस्त होत नाही.

आता पर्याय. सांधा जाम करणं म्हणजे फ्यूजन: उरलीसुरली कूर्चा खरवडून काढायची, हाडांचे ताजे पृष्ठभाग एकमेकांवर बसवायचे, स्क्रूंनी आवळायचे आणि मोडलेलं हाड जुळतं तसं त्यांना जुळू द्यायचं. हलणारी जागाच राहिली नाही की तिथलं दुखणंही राहत नाही. ही शंभर वर्षांहून जुनी शस्त्रक्रिया आहे. घोटा फार वाकडा नसेल तर दुर्बिणीतूनही होते, तेव्हा जखमा लहान राहतात. मधुमेही माणसाला त्याचा फायदा मोठा.

सांधा बदलणं म्हणजे नडगीच्या टोकाला धातूचा एक भाग, टॅलसवर दुसरा आणि मधे प्लास्टिकची चकती. १९७० च्या दशकात हे सांधे आले तेव्हा बरेचसे लवकर ढिले झाले आणि पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्याचं नाव काढत नव्हतो. आताचे सांधे पुष्कळ सुधारलेले आहेत. तरी दहा वर्षांनी साधारण दहातले आठ-नऊ टिकतात असं धरून चालावं. गुडघा किंवा खुब्याइतका भरवसा अजून नाही.

ब्रिटनमध्ये ५० ते ८५ वयाच्या ३०३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागून एकाचा सांधा जाम केला, दुसऱ्याचा बदलला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एका वर्षानंतर दोन्ही गटांचं चालणं-उभं राहणं चांगलं सुधारलं होतं आणि दोन गटांत छातीठोकपणे सांगावा असा फरक नव्हता. अडचणी मात्र वेगळ्या होत्या. बदललेल्यांत जखम नीट न भरण्याचं प्रमाण जास्त, जाम केलेल्यांत हाड न जुळण्याचं. म्हणून तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

पाखाडी_गुहागर | ४ ऑगस्ट

डॉक्टरसाहेब, एवढं कुणी आम्हाला सांगितलंच नव्हतं. मनापासून आभार. मग निवड कशावरून करायची? आणि उताराचं काय?

अस्थिबंध | ५ ऑगस्ट

वय, वजन, काम, घोट्याचा वाकडेपणा, त्वचेची अवस्था, पायातली संवेदना, रक्तपुरवठा आणि आजूबाजूचे सांधे, या सगळ्यांवरून. वय जास्त, वजन आटोक्यात, काम हलकं, घोटा सरळ, दुसऱ्या पायाचा घोटाही खराब किंवा घोट्याखालचा सांधा आधीच झिजलेला, अशा माणसाला बदलणं जास्त मानवतं. तरुण, जड काम करणारा, पूर्वी जंतुसंसर्ग झालेला किंवा मधुमेहाने तळव्याची जाणीव गेलेला माणूस असेल तर बदलण्याच्या वाटेला जाऊ नये. जाणीव गेलेल्या पायात बदललेला सांधा फार लवकर बिघडतो.

बाबांच्या तळव्याची संवेदना कुणी तपासली का? नायलॉनचा एक बारीक दोरा टेकवून बघतात, दोन मिनिटांचं काम. ते आधी करून घ्या.

आणि एक गोष्ट बऱ्याचदा राहून जाते. दुखतंय ते नक्की घोट्यातच का? घोट्याच्या खाली, टॅलस आणि टाचेच्या हाडामध्ये, आणखी एक सांधा आहे. घोटा वर-खाली हलतो, हा खालचा आत-बाहेर कलतो. दोघांचं दुखणं माणसाला एकाच जागी वाटतं. खालचा सांधा दुखत असेल आणि वरचा जाम केला, तर सगळा ताण खालच्यावर जाऊन दुखणं वाढेल. म्हणून क्ष-किरणांखाली बघत एकेका सांध्यात बधिर करणारं औषध सोडतात आणि रुग्णाला चालायला लावतात. ज्या सांध्यात औषध असताना दुखणं थांबलं, तो गुन्हेगार. उभं राहून, भार देऊन काढलेले एक्स-रे आणि सीटी स्कॅन हेही हवेत. झोपवून काढलेल्या एक्स-रेवरून निर्णय घेऊ नका.

रापण_मालवण | ६ ऑगस्ट

माका लिवचा होता म्हणान आज मुद्दाम लॉगिन केलंय. तुमच्या बाबांचा वाचलंय आणि माझो पाय आठवलो. सगळ्यांका समजाचा म्हणान फुडला साध्या मराठीत लिवतंय.

माझा डावा घोटा २०१८ मध्ये जाम केला. तेव्हा मी ४१ वर्षांचा होतो, ट्रॉलरवर जायचो. जाळं ओढताना दोरात पाय सापडला आणि टॅलस मोडलं. डॉक्टरांनी बसवलं, पण त्या हाडाला रक्त कमी पोचतं म्हणे, ते आतून मेलं आणि दबलं. दीड वर्ष मी लंगडत आणि शिव्या देत काढलं. बायकोने फार सोसलं.

ऑपरेशनमध्ये कमरेच्या हाडाचा तुकडा काढून घोट्यात भरला. बारा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. हे ऐकायला सोपं आहे. आमच्या घराला दोन उंबरे, न्हाणी मागच्या पडवीत, शौचालय त्याच्या पलीकडे. पहिल्या आठवड्यात वॉकरवरून दोनदा पडता पडता वाचलो. हाड पूर्ण जुळायला पाच महिने लागले.

पण दादा-ताई सगळ्यांना सांगतो, ते दुखणं गेलं. म्हणजे गेलंच. पहिल्यांदा आधाराशिवाय मी किनाऱ्यावर गेलो तेव्हा ओल्या वाळूतून थेट लिलावापर्यंत चालत गेलो आणि तिथे उभं राहून रडलो.

जे गेलं तेही सांगतो. उकिडवं बसता येत नाही, टाच टेकून तर नाहीच. मांडी घालता येते. कोरड्या भुसभुशीत वाळूत लवकर दमतो. हलत्या होडीत तोल सांभाळायला घोटाच लागतो, त्यामुळे समुद्र सुटला. आता जाळी विणतो, दुरुस्त करतो, भावाच्या होडीचा लिलाव बघतो. यंदापासून टाचेच्या वरच्या बाजूला थोडं थोडं दुखू लागलंय. डॉक्टर म्हणतात खालच्या सांध्यावर ताण आलाय. हे होऊ शकतं असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी मला कुणी विचारलं पुन्हा करशील का, तर मी उद्या करीन.

तुमच्या बाबांना होडीत जायचं नाही. पायऱ्या उतरायच्या आहेत. ते जमतं.

पाखाडी_गुहागर | ६ ऑगस्ट

रापणदादा, तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण "परत वाच" म्हणाले.

जांभाचिरा | ८ ऑगस्ट

या धाग्यात मधेच घुसतोय, माफ करा. मी ३४ वर्षांचा. सहा वर्षांपूर्वी हापूस काढताना झाडावरून पडलो, तेव्हा नडगीचं खालचं टोक चुरलं होतं. आता घोटा आतल्या बाजूला कललाय आणि आतली बाजूच दुखते. मला एवढ्यात जाम करायचं नाही. माझ्यासारख्याला काही आहे का?

अस्थिबंध | ९ ऑगस्ट

तुमच्यासाठी आधी विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे हाड सरळ करणं. सांधा एका बाजूला झिजला असेल आणि दुसऱ्या बाजूची कूर्चा शाबूत असेल, तर घोट्याच्या थोडं वर नडगीचं हाड कापून कल बदलतात, म्हणजे भार चांगल्या बाजूवर जातो. सांधा स्वतःचाच राहतो. योग्य माणसात यामुळे मोठी शस्त्रक्रिया कित्येक वर्षं लांबते.

हाडात तारा घालून पायाभोवती रिंगची चौकट बसवून सांधा सुमारे ५ मिलिमीटर ताणून तीन महिने ठेवण्याचीही एक पद्धत आहे. त्या काळात कूर्चेला उसंत मिळते. निवडक तरुण रुग्णांत करतात, परिणाम सगळ्यांत सारखा येत नाही आणि तीन महिने पायात तारा घेऊन राहणं सोपं नसतं. पावसाळ्यात आपल्याकडे तारांच्या जागी पू होण्याची भीती जास्त, हा माझा स्वतःचा अनुभव.

दुर्बिणीतून नुसती साफसफाई करायला कुणी सांगितलं तर विचारा, कशासाठी? घोट्याच्या पुढच्या बाजूला हाडाचा काटा वाढून तो चढताना अडत असेल तर तो काढून खरंच फरक पडतो. पण सगळाच सांधा झिजलेला असताना साफसफाईने काही होत नाही.

खाडीपलीकडे | ११ ऑगस्ट

सगळे चांगले अनुभव येत आहेत म्हणून मी वाईट लिहितो. कुणाला घाबरवायचं नाही, पण हे कळायला हवं.

माझ्या मोठ्या भावाचा घोटा चार वर्षांपूर्वी एका रुग्णालयात जाम केला. आठ महिने झाले तरी दुखणं तसंच. स्कॅन केला तर हाड जुळलंच नव्हतं, एक स्क्रू मोडला होता. दुसऱ्या शहरात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "तंबाखू खाता?" भाऊ दिवसाला चार पुड्या खायचा. पहिल्या ठिकाणी विडी-सिगारेट विचारली होती. तो ओढत नाही, म्हणून त्याने नाही सांगितलं. खाण्याचं कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही वाटलं नाही की दाढेखालच्या तंबाखूचा पायाच्या हाडाशी संबंध असेल.

पुन्हा शस्त्रक्रिया, कमरेतून हाड काढून भरलं, पुन्हा सगळा काळ पाय वर. एकूण पंधरा महिने तो घरात बसला. ते वर्ष आंब्याचं होतं, बाग कराराने द्यावी लागली. आता जुळलंय. पण ताई, तुमच्या बाबांच्या पानाचं वाचलं आणि राहवलं नाही.

अस्थिबंध | ११ ऑगस्ट

खाडीपलीकडे यांनी अत्यंत महत्त्वाचं लिहिलं आहे. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. ते धुरातून आलं, तंबाखूतून आलं की मशेरीतून, हाडाला फरक पडत नाही. घरातल्या बायकांची मशेरी तर कुणी विचारतच नाही आणि त्याही लाजून सांगत नाहीत. मी शस्त्रक्रियेआधी किमान सहा आठवडे आणि नंतर हाड जुळेपर्यंत पूर्ण बंद सांगतो. निव्वळ कमी करून भागत नाही.

साखरही ८ च्या खाली, जमल्यास ७.५ पर्यंत आणा. ही दोन कामं तुमच्या हातातली आहेत आणि कोणता सांधा, कोणता स्क्रू यापेक्षा निकालावर त्यांचा परिणाम मोठा आहे.

अबोली_सावंतवाडी | १४ ऑगस्ट

बदललेल्या घोट्याची बाजू कुणीच मांडली नाही, म्हणून लिहिते. मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. आमवात वीस वर्षांपासून. दोन्ही घोटे गेले होते आणि उजव्याचा खालचा सांधाही. दोन्ही जाम केले असते तर मी लाकडी बाहुलीसारखी चालले असते, असं डॉक्टरांनीच सांगितलं. उजवा जास्त खराब होता, तो तीन वर्षांपूर्वी मुंबईत बदलला.

जखम भरायला पाच आठवडे लागले. पुढच्या बाजूला नखाएवढा भाग काळा पडला होता, रोज ड्रेसिंग. ते दिवस काळजीत गेले. माझी वाताची काही औषधं शस्त्रक्रियेच्या आधी-नंतर थांबवावी लागली, त्यामुळे हाताची बोटं सुजली. हे सगळं आधी विचारून ठेवावं.

आज मी मोती तलावाला एक फेरी आरामात मारते. पायरी चढताना पाऊल नैसर्गिक पडतं. पण ज्यांना वाटतं की बदलला की पहिल्यासारखा वळेल, त्यांना सांगते, तसं होत नाही. आधी जेवढा वळत होता त्याहून थोडाच जास्त वळतो. उकिडवं मलाही बसता येत नाही. मला मिळालं ते मुख्यतः दुखण्यापासून सुटका.

आणि दर वर्षी एक्स-रे काढून दाखवायला जावं लागतं, दुखत नसलं तरी. सांध्याभोवतीचं हाड आतून पोखरलं जात असेल तर सुरुवातीला कळत नाही. मी दर डिसेंबरला कोकण रेल्वेने जाते, मुलगी तिथे आहे म्हणून सोपं जातं. ज्यांचं मुंबई-पुण्यात कुणी नाही त्यांनी हा प्रवास पुढच्या पंधरा वर्षांसाठी हिशोबात धरावा. ढिला झाला तर मग तो काढून हाड भरून जाम करतात आणि ते पहिल्यांदा जाम करण्यापेक्षा अवघड असतं.

सुपारीबाग | १४ ऑगस्ट

खर्चाचं कुणी सांगेल का? योजनेत बसतं का?

खाडीपलीकडे | १५ ऑगस्ट

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा आणि शस्त्रक्रियेचं नेमकं नाव सांगून विचारा. भावाच्या वेळी आम्ही भरती झाल्यावर विचारलं, ती चूक झाली. बदलायचा असेल तर सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, घोट्यालाही ती असेलच असं धरून चालू नका.

फिजिओ_कुडाळ | १७ ऑगस्ट

उताराबद्दल मी लिहिते, कारण कोकणात माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस हेच विचारतो.

पायऱ्या आणि उतार यांत फरक करा. पायरी सपाट असते, तिच्यावर पूर्ण पाऊल बसतं, त्यामुळे जाम घोट्याने पायऱ्या जमतात. उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर, एका हाताला कठडा. अवघड जातो तो सरळ चढ, कारण तिथे नडगी पावलावर पुढे झुकावी लागते आणि तेवढंच जाम घोटा करू देत नाही. अशा वाटेवर तिरकं तिरकं चढायचं. बुटाचा तळ पुढे गोलाई दिलेला घेतला की पाऊल घरंगळल्यासारखं पुढे जातं, तो फरक रुग्णाला पहिल्याच दिवशी कळतो. पावलाच्या मधले सांधेही काही महिन्यांत थोडं जास्त वळायला शिकतात.

आपल्याकडे घरात, देवळात, खळ्यात अनवाणी चालतात. डॉक्टरांना हे सांगा. पाऊल काटकोनात जाम झालं पाहिजे. बोटं जरा जरी खाली झुकलेली राहिली तर अनवाणी चालताना गुडघा मागे ढकलला जातो आणि पाच वर्षांनी गुडघ्याची तक्रार घेऊन माणूस परत येतो.

ताई, तुमच्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शब्दांनी मिळणार नाही. डॉक्टरांना विचारून त्यांच्या पायात कडक बूट घाला, घोटा अजिबात न हलणारा, गुडघ्याखालपर्यंतचा. आठवडाभर त्याच बुटात वावरू दे. जाम केल्यावर चालणं साधारण कसं असेल ते त्यांना आधीच कळेल. फक्त पाखाडी कोरडी असताना, आणि बरोबर कुणीतरी हवं. आत्ता पावसात नको.

पाखाडी_गुहागर | २३ ऑक्टोबर

मधे गणपती, मग भातकापणी, त्यामुळे लिहायला उशीर झाला. पण तुम्ही सांगितलेलं एकेक करत होतो.

तळव्याची संवेदना तपासली, शाबूत आहे. भार देऊन एक्स-रे आणि सीटी काढले. घोटा जवळजवळ सरळ आहे, खालचा सांधा थोडाच झिजलाय. मग घोट्यात बधिर करणारं औषध सोडलं आणि बाबांना रुग्णालयाच्या उतारावरून चालायला लावलं. ते आठ वेळा खाली-वर गेले. मी मागे उभी होते. लंगडत नव्हते. किती वर्षांनी बाबांना असं चालताना पाहिलं. दोन-अडीच तासांनी औषध उतरलं आणि परतीच्या वाटेवर गाडीत पुन्हा पाय धरून बसले. पण दुखणं घोट्यातलंच आहे हे आता नक्की झालं.

त्यानंतर कडक बूट आणला. पहिले दोन दिवस बाबा वैतागले, दुसरा पाय बुटाच्या उंचीमुळे छोटा वाटायचा. त्या पायाच्या चपलेला चांभाराकडून जाड तळ लावून घेतला. पाचव्या दिवशी सकाळी, पायऱ्या कोरड्या होत्या, बाबा म्हणाले चल. मी पुढे, बाबा मागे, हात माझ्या खांद्यावर. ४२ पायऱ्या उतरायला बारा मिनिटं लागली. वाडीत गेल्यावर त्यांनी पोफळींमधून एक चक्कर मारली, दांडातलं पाणी बघितलं, दोन पडलेल्या सुपाऱ्या उचलल्या (वाकताना खांबाला धरून), आणि वर आलो. ओट्यावर बसून बूट काढला. मग म्हणाले, "वळत नाही, पण दुखलं पण नाही."

संध्याकाळी स्वतःहूनच म्हणाले, जाम करून टाकू.

डॉक्टरही म्हणाले की बाबांचं काम आणि मधुमेह बघता हेच बरं. दुर्बिणीतून होईल असा अंदाज आहे. साखर ७.६ वर आली आहे. तंबाखू गणपती विसर्जनाच्या दिवशी सोडली. पानाचा डबा स्वतःच वहिनीकडे देऊन टाकला. दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे. म्हणजे पाय टेकवायला लागतील तोवर पाऊस लांब असेल. सुपारी यंदा चुलतभाऊ काढतील.

आता तयारीचं विचारते. बारा आठवड्यांसाठी घरात काय काय करून ठेवू?

रापण_मालवण | २३ ऑक्टोबर

वाचून लय बरा वाटला. आता ऐका. खाट हॉलमध्ये आणा, न्हाणीच्या जवळ. कमोडची खुर्ची घ्या. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल आणि भिंतीला पक्की मूठ. उंबऱ्यांना लाकडी उतरण. कुबड्या आधीपासून वापरायची सवय लावा, ऑपरेशननंतर शिकायला जाऊ नका. पाय दिवसभर छातीपेक्षा वर ठेवायचा असतो, त्यासाठी दोन जाड लोड शिवून घ्या. आणि माणसं येत राहतील असं बघा. मला सगळ्यात जड गेलं ते एकटं पडून राहणं.

फिजिओ_कुडाळ | २४ ऑक्टोबर

चांगल्या पायाचे आणि दंडांचे व्यायाम आजपासूनच सुरू करा. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणं, दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. बारा आठवडे सगळा भार त्यांच्यावरच आहे. चांगल्या पायाचा तळवा रोज बघा, मधुमेहात त्याला फोड आला तर दोन्ही पाय अडकतील.

खाडीपलीकडे | २४ ऑक्टोबर

भावाची कमोडची खुर्ची, वॉकर आणि कुबड्या घरात पडून आहेत. आम्ही दापोली तालुक्यात आहोत. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चढवून देतो, पलीकडून घ्या. परत करायची घाई नाही.

पाखाडी_गुहागर | २५ ऑक्टोबर

दादा, रविवारी सकाळच्या बोटीला मी धोपाव्याला येऊन थांबते. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवला आहे.

पाखाडीला लोखंडी कठडा करायला टाकला आहे, वरपासून खालपर्यंत. उंची किती ठेवायची ते बाबांनी काल स्वतः प्रत्येक वळणावर उभं राहून, हात टेकवून, खडूने खुणा करून दिली.